काशीला सोडलेलं खरबूज

मी फारशी बोलत नाही. माहेरी मला घुमी म्हणायचे, सासरी समजूतदार म्हणतात. गोष्ट एकच आहे. गप्प बसण्याचा फायदा असा, की लोक आपल्या गप्प बसण्यात आपल्याविषयी जे चांगलं ते स्वतःच भरून घेतात. माझ्या बाबतीत असं पुष्कळ भरलं गेलंय. त्यातलं एक तरी आता उपसून टाकावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, तेव्हा सासूबाईंनी काशीला जायचं ठरवलं. आम्ही नाशिक रोडला राहतो, त्या निफाडजवळ गावी. उशाशी गोदावरी असताना काशी कशाला, असं भावकीतल्या कुणीतरी म्हटलंही. पण त्या मनात बोलल्या होत्या, म्हणजे जायचंच होतं. सोबत म्हणून मी गेले. काशीला गेलं की आपल्या आवडीची एखादी खायची वस्तू तिथे सोडून यायची आणि मग जन्मभर ती तोंडात घालायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. घाटावर गुरुजींनी विचारलं, माताजी, काय सोडणार? सासूबाई ताबडतोब म्हणाल्या, "द्राक्षं."

 त्यांच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की द्राक्षाचा मांडव. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी त्या वेली लेकरांसारख्या वाढवलेल्या. जेवणाला भाकरी नसली तरी चालेल पण हंगामात ओंजळभर मणी हवेतच, अशी ही बाई. गुरुजी आता माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढून हापूस गेला, सीताफळ गेलं, चिकू गेला, आणि एकालाही हात लावायचा मला धीर होईना. मग तोंडातून आलं, "खरबूज."

खरबूज मला कधीच आवडलं नव्हतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ढीग लागतात ना, ते. काकडीला कुणीतरी साखरेची आठवण करून द्यावी, तसं ते मला लागायचं. ते सोडताना माझं काहीच गेलं नाही. घरी आल्यावर मात्र सासूबाईंच्या जोडीला माझंही कौतुक झालं. सून पण शिकलेली असून कशी निष्ठेची आहे, वगैरे. मी गप्प. पुढे कधी हे जिना चढून आल्यावर दम खायला थांबले, की माझ्या मनात पहिल्यांदा खरबूज यायचं. देवाला फसवलं त्याची शिक्षा ह्यांना होणार, हा विचार शिकलेल्या बाईला शोभत नाही, हे मला कळतं. तरी यायचा.

आता सहलीकडे येते. उझबेकिस्तानची सहल आम्हा दोघांची ठरली होती. नाशिकमधलाच एक ग्रुप, गणपती उठल्यावर निघायचं. ऐनवेळी ह्यांची ऑफिसातली रजा रद्द झाली. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी. पण ह्यांनी आईला पुढे केलं. नणंद दुबईला असते, तिच्याकडे जायचं म्हणून सासूबाईंचा पासपोर्ट काढून ठेवलेला होता. व्हिसाचंही जमून गेलं. सासूबाईंनी एकच विचारलं, छाटणीच्या आत माघारी येऊ ना? द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत परत येतोय म्हटल्यावर त्यांनी बॅग भरायला घेतली.

त्यांच्याबरोबर परदेश बघण्यासारखी गंमत नाही, हे मला ताश्कंदच्या पहिल्याच जेवणात कळलं. आम्ही दोघी शाकाहारी. सासूबाईंनी वेटरला हिंदीत ठणकावून सांगितलं, हमको सिर्फ सब्जी. त्याने खुशीने मान डोलावली आणि गाजराचा कीस आणून ठेवला. त्यांनी तो संपवला आणि पुन्हा सांगितलं, सब्जी. पुन्हा गाजर. तिसऱ्यांदा तो गाजराची बशी घेऊन आला तेव्हा आमची तिथली गाइड, हिंदी शिकलेली एक हसरी मुलगी, धावत आली. त्यांच्या भाषेत सब्जी म्हणजे गाजरच. कांद्याला पियोझ म्हणतात, दुकानाला दुकोन, बाजाराला बोझोर, आणि तेवढी एक सब्जीच दगा देते. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, गोश्त नाय मागितलं. ते बरोब्बर आलं आसतं." पुढे अख्ख्या सहलीत त्यांनी प्रत्येक जेवणाला ठरवून सब्जी मागितली आणि गाजर खाल्लं.

तिथून विमानाने खिव्याकडे गेलो. खिवा म्हणजे मातीच्या जाड तटबंदीतलं गाव. आत निळ्या-हिरव्या फरशांचे मनोरे, त्यातला एक अर्धवट राहिलेला, बसक्या रांजणासारखा. बाकीचे सगळे त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होते. सासूबाई तटाच्या भिंतीजवळ गेल्या, नखाने जरासं खरवडून त्यांनी आतलं काड बाहेर काढलं आणि मला दाखवलं. मातीत भुसा कालवलेला. "आपल्या जुन्या घराची भित्ताडं आशीच व्हती," म्हणाल्या. "आमी पाडली, ह्यांनी तिकीट लावलं." मी इतकी हसले की ग्रुपमधल्या एका बाईंनी येऊन विचारलं, तुम्हाला हसता येतं होय.

तटाच्या आतच एका घरी आमची उतरायची सोय होती. अंगणात लाकडी चौथरा, त्यावर गाद्या, मध्ये बुटकं टेबल, आणि वर, बघायला नको, द्राक्षाचा मांडव. घड लोंबत होते. सासूबाईंनी आल्याआल्या मान वर करून मांडव तपासला. पानं उलटून रोग बघितला. घड हातावर तोलला. मालकीणबाईंनी त्यातला एक तोडून त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मालकीणबाईंना काही कळेना. मला सगळं कळत होतं आणि म्हणून मी दुसरीकडे बघत होते.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी एकटीच चौथऱ्यावर. मालकीणबाईंनी ऊन ऊन नान आणला, मलई, जर्दाळूचा मुरंबा, हिरवा चहा, आणि शेवटी बत्त्यासारखं लांबट एक फळ आणून माझ्यासमोर चिरलं. वासानेच ओळखायला हवं होतं, पण ओळखलं नाही, कारण असा वास मी कधी घेतलाच नव्हता. केशर घातलेल्या दुधाच्या जवळचा, आणि तरी पहाटेच्या गारव्यासारखा. एक लांब फोड माझ्या बशीत. मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, हे काय? उत्तर आलं, खरबूज.

मी हात हलवून नको म्हटलं. त्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी आणखी पिकलेला भाग कापून पुढे केला. मी छातीवर हात ठेवून पुन्हा नको म्हटलं, त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा घ्या म्हटलं. पाहुणीने नाकारलं तर त्यांच्या घराला कमीपणा, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं आणि एक घास घेतला.

इथे खरं लिहायचं ठरवलंय. पहिला घास भिडेचा होता. नंतरचे भिडेचे नव्हते. मी ती अख्खी फोड हिरव्या सालापर्यंत खाल्ली, मग दुसरी मागितली, तीही खाल्ली. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तो पुसायचंही भान राहिलं नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, आणि आपल्याला काहीतरी इतकं आवडू शकतं हे मला नव्यानेच कळत होतं. सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या तशी मी सालं रुमालाखाली ढकलली आणि चहाचा पेला तोंडाला लावला.

ह्यांना लगेच व्हिडिओ कॉल लावला. छातीत काही होत नाही ना, धाप नाही ना लागत, रात्रीची गोळी घेतली ना. हे दाढीला साबण लावून उभे होते. म्हणाले, मला काही झालं नाही, तुला काय झालंय? मग म्हणाले, आईला दे.

शिक्षा तर काही दिसली नाही. मग माणूस सोकावतो. बुखारा गाव कसं, तर जुन्या हौदाच्या काठी तुतीची म्हातारी झाडं, त्यांच्या सावलीत चहाची बाकडी, आणि विटांचा एक उंच मनोरा, ज्याच्याकडे बघताना टोपी पडावी. लाल भोपळा भरलेले सोमसे मिळायचे तिथे, तंदूरमधून काढलेले. आपल्या सामोशाचा थोरला भाऊ म्हणा. सासूबाई त्यांवर खूश. आणि मी डोकेदुखीच्या गोळ्या आणते असं सांगून गल्लीच्या टोकाच्या फळवाल्याकडे जात होते. सकाळी गेले, दुपारी गेले. उभ्याउभ्या खायचं, नळावर तोंड धुवायचं, परत यायचं. सासूबाई माझ्या डोकेदुखीची काळजी करू लागल्या. दुपारी चहाच्या बाकड्यावर त्यांनी माझ्या कपाळाला बाम चोळला. बराच वेळ, निगुतीने. म्हणाल्या, "ऊन बाधलं तुला. सवय नाय गं." त्यांच्या बोटांना बामाचा वास होता आणि माझ्या बोटांना खरबुजाचा. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

सांगून टाकायचं ठरवलं, पण माझं ठरवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. बुखाऱ्याहून समरकंदला आम्ही आगगाडीने निघालो. स्वच्छ, वेगवान गाडी, बाहेर कापसाची शेतं. सासूबाई खिडकीशी, मी शेजारी. त्यांनी पिशवीतून चिवडा काढला, समोरच्या उझबेक आजोबांना दिला, आजोबांनी त्यांना पांढरी स्फटिकासारखी खडीसाखर दिली. दोघांचं कापसाविषयी काहीतरी बोलणं चाललं होतं. ते त्यांच्या भाषेत, ह्या आपल्या. आजोबा उतरून गेले आणि मी एकदम म्हणाले, "आई, मी खरबूज खाल्लं."

त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मी मग थांबलेच नाही. खिव्याचं सांगितलं, बुखाऱ्याचं सांगितलं, डोकं एकदाही दुखलं नाही हेही सांगितलं. आणि मग ते जुनं: की काशीला मी जे सोडलं ते मला आवडतच नव्हतं, म्हणूनच सोडलं. तुम्ही द्राक्षं सोडलीत आणि मी शेजारी उभी राहून लबाडी केली, आणि लोकांनी चांगलं म्हटलं तेव्हा ऐकून घेतलं. ह्यांना काही झालं तर माझ्यामुळे होईल. बोलता बोलता माझा आवाज इतका खाली गेला की शेवटचं मलाच ऐकू आलं नसेल.

सासूबाईंनी चिवड्याच्या पुडीला रबर लावलं. म्हणाल्या, "तुला खरबूज आवडत नाय हे मला म्हाईत व्हतं."

"कसं?"

"लगीन झाल्यावर पयल्या उन्हाळ्यात तुझ्या ताटात फोड वाढली मी. तू ती पदराखाली धरून गोठ्यात नेली आन म्हशीला घातली. म्हैस काय गप बसती का? मचमच मचमच. सैपाकघरात ऐकू येत व्हती."

"मग घाटावर काही बोलला का नाहीत?"

"तुझं आन देवाचं चाललेलं. मी कशाला मधी पडू." मग जरा वेळाने, शेतातल्या बांधाचा वाद मिटवावा तशा सुरात, "आन हे बघ. आवडतं ते सोडायचं आसतं. तू तवा काय सोडलंच नव्हतं. सोडलंच नाय, तर मोडलं कसं?"

मला यातली खोच कळायला थोडा वेळ लागला. कळली तेव्हा छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं, आणि हसू आलं, आणि डोळ्यांना पाणीही. मग माझा लेक बरा राहील का, असं त्यांनी मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण त्यांनी ते विचारलं नाही. माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता आवडाया लागलं ना? लय आवडतं ना? मंग आता सोड."

"आता?"

"आता. उझबेकात सोडलं म्हणून काय झालं. देव हितं बी हायेच."

आणि मी सोडलं. चालत्या गाडीत, गुरुजी नाहीत, गंगा नाही, प्लास्टिकच्या पेल्यातलं पाणी हातावर घेऊन. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा त्याग, आणि समरकंद यायला थोडाच अवकाश होता.

ज्यांनी समरकंदचा बाजार बघितला नाही त्यांना मी काय सोडलं ते कळायचं नाही. बाजारात जायच्या आदल्या दुपारी आम्ही रेगिस्तानचा चौक पाहून आलो होतो, तिन्ही बाजूंना निळाईने मढवलेल्या भिंती. सासूबाई तिथे पायरीवर बसून राहिल्या होत्या आणि उठताना म्हणाल्या होत्या की हे बघायला ह्यांचे वडील हवे होते. पण बाजार म्हणजे बाजार. मोहोर उठवलेल्या जड गोल नानांच्या चळती, हलव्याच्या लाद्या, बेदाण्याचे काळे, सोनेरी, हिरवट ढीग. आणि खरबुजं. पिवळी, जाळीदार, हिरव्या पट्ट्यांची, मांडीएवढी. प्रत्येक विक्रेता सुरीच्या टोकावर फोड धरून हाक मारत होता आणि मी प्रत्येकाला हात जोडत होते. खिव्याच्या अंगणात सासूबाईंनी हात का जोडले होते, ते आता माझ्या हातांना कळत होतं. जीव अक्षरशः तुटत होता, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा आनंदही होत होता.

सासूबाई द्राक्षवाल्याच्या फळीपुढे उभ्या होत्या. बोटाएवढे लांब, फिकट हिरवे मणी. त्यांनी गाइडला जातीचं नाव विचारायला लावलं. ती हसायला लागली. म्हणाली, इसका नाम है बहू की उँगली. त्या नावातला केलिन हा शब्द तिकडे नवरीलाही लावतात आणि सुनेलाही.

"सुनेची बोटं?" सासूबाई म्हणाल्या. "बघ. म्हणून तर सोडली मी. कोण चावणार आसली बोटं." गाइडने ते द्राक्षवाल्याला सांगितलं, त्याने शेजारच्याला, आणि हसू पुढच्या दोन-तीन फळ्यांपर्यंत गेलं.

मग त्यांनी एक मणी देठासकट तोडला आणि माझ्यापुढे धरला. मी मागे सरले. काशीनंतर मी त्यांच्यासमोर कधी द्राक्ष खाल्लं नव्हतं. हंगामात त्या पेटी भरून पाठवायच्या, ती मी नाशिक रोडला दार लोटून खायचे.

"खा," म्हणाल्या. "आन मला सांग, कसं लागतंय. घरी मी मजुरांना इचारते तर म्हणतात, गोड हाय आक्का. गोड हाय, गोड हाय. एकाला नीट सांगता येत नाय. तुला तरी येतंय का बघू."

मी खाल्लं. "गोड आहे," म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तोंडात मणी टाकला आणि डोळे मिटले. मग सांगू लागले. साल पातळ आहे, पण दाताखाली जरा हट्ट धरते आणि मग एकदम फुटते. आत पाणी नाही, गर आहे, घट्ट. गोडी लगेच येत नाही. आधी थंडपणा येतो. गोडी मागून येते, आणि ती जात असताना टाळूला बारीक आंबट टोचतं. बी आहे, लहान, चावलं तर तुरट.

"आपल्यापरीस?" त्यांनी हळूच विचारलं.

मला खोटं बोलणं सोपं होतं. "गोडीला हे सरस आहे, आई. पण आपल्याला वास आहे. ह्याला वास नाही."

त्यांचं नुसतं तोंड हललं, रिकामंच, चव घेतल्यासारखं. "वास," म्हणाल्या. "वास माझ्या ध्यानात नव्हता राह्यला." आणि मग आणखी एक मणी तोडून, "हा दुसऱ्या घडाचा. सांग."

मी सांगत गेले. इतकं सलग मी उभ्या जन्मात कुणाशी बोलले नसेन. ग्रुपमधल्या बाई बसकडे चला म्हणून हाका मारून गेल्या. निघताना सासूबाईंनी पलीकडच्या माणसाच्या सुरीवरची खरबुजाची लांब फोड उचलली, माझ्याकडे रोखून बघत एक घास घेतला, आणि बसमध्ये माझ्या शेजारी ऐसपैस टेकून बसल्या.

"तर," म्हणाल्या, "पयल्यांदा काय व्हतं..."

हॉटेल येईपर्यंत त्यांनी ती फोड पुरवली. एकेक घास, आणि प्रत्येक घासाचं वर्णन. रस कुठून सुटतो, जिभेच्या कोणत्या कडेला आधी लागतो, साजूक तुपाची आठवण कधी येते. मी दोनदा पुरे म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, मधी बोलू नको, आता सालाजवळचा भाग आला, तो येगळाच हाय.